हसूराम मिस्त्रींनी होडीला पाडलेलं भोक

दर मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी माझ्या होडीच्या पोटातली फळी बाहेर काढते. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. लहान शिडाच्या होडीच्या तळाला मधोमध एक लांबट भोक असतं, त्यातून ही फळी पाण्यात सोडायची. ती नसली की वारा होडीला कडेकडेने ढकलत नेतो, असली की होडी वाऱ्याच्या तोंडावरही तिरकी तिरकी चढते. उथळ पाणी आलं की दोरीने वर ओढून घ्यायची.

तिच्या देखभालीची माझी यादी अकरा कलमांची आहे. बोल्ट सोडणे, गंज बघणे, चिकटलेल्या शिंपल्यांची खपली खरवडणे, कडा घासणे, तेल पाजणे, दोरी बदलणे वगैरे. यादी मी संगणकावर करते, छापते आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवते. नववं कलम तेवढं छापील नाही. ते सुताराच्या जाड पेन्सिलीने, कागद फाटेल इतक्या जोरात लिहिलेलं आहे: ‘नख घालून बघणे.’

ही पेन्सिल हसूराम मिस्त्रींची. मिस्त्री गेले त्याला वर्ष होऊन गेलं. यादी मी दरवर्षी नव्याने छापते, पण हाच कागद पाकिटात ठेवते. एरवी जुन्या याद्या मी रद्दीत देते.

मिस्त्रींची झोपडी पनवेलच्या कोळीवाड्यामागे, खाडीच्या काठाला होती. झोपडी म्हणजे चार वासे आणि वर ताडपत्री. घर पलीकडे, पक्कं, टाइल्स लावलेलं. पण मिस्त्री घरात फक्त जेवायला आणि बोलणी खायला जात. सत्तरीचा, लाकडासारखाच वाळलेला माणूस. उजव्या कानावर पेन्सिल. ती इतकी वर्षं तिथे होती की कान कायमचा बाहेर वळला होता. पेन्सिल हरवली तरी कान तिची जागा धरून बसायचा. डाव्या अंगठ्याचं नख हातोडीने मारून मारून काळं पडलेलं आणि पटाशीच्या धारेसारखं जाड. त्या नखाने ते लाकडाची परीक्षा घेत, शेंगा फोडत आणि माणसं हाकलत.

आयुष्यभर त्यांनी होड्या बांधल्या, पण स्वतः होडीत कधी बसले नाहीत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “आचारी पंगतीत बसतो काय?”

त्यांच्या बायकोने, गोमीवहिनींनी, आतून उत्तर दिलं, “आचारी पंगतीत बसत नाय, पन त्याला जेवन तरी येतं. याला पोवायला येत नाय.”

पन्नास वर्षांच्या धंद्याचं मिस्त्रींचं सगळं ज्ञान एका वाक्यात मावायचं: लाकूड पाणी प्यालं की फुगतं, फुगलं की फट मिटते. नवी होडी पहिल्यांदा खाडीत सोडली की फळ्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी आत येतंच. गिऱ्हाईक घाबरतं. एकदा एक मालक अक्षरशः छाती बडवत आला, “मिस्त्री, बुडाली माझी होडी!” मिस्त्री काठावर शेंगा सोलत बसलेले. म्हणाले, “बुडली नाय, पानी पिते. पिऊ दे. तू चहा पी.” दोन दिवसांनी त्याच होडीतलं पाणी उपसलं, आणि त्यानंतर आत थेंब नाही. फळ्यांमध्ये कापसाची वात ठोकायची, वर राळ भरायची, आणि उरलेलं काम लाकडाला करू द्यायचं, ही त्यांची पद्धत. त्यासाठी एक बोथट पटाशी त्यांच्या कमरेला कायम खोचलेली असे. मिस्त्रींची होडी गळली असं खाडीवर कोणी म्हटलेलं नव्हतं.

अशा माणसाकडे मी होडीच्या तळाला भोक पाडून मागायला गेले.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि माझे रविवार मोकळे झाले, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी मी शीड हाकायला शिकले. मिस्त्रींच्या झोपडीत एक चौदा फुटी होडी अर्धवट पडून होती. ती बांधायला सांगणारं गिऱ्हाईक मध्येच फायबरच्या होडीकडे वळलं होतं. ती मी घेतली. शीड बसवायचं ठरलं, डोलकाठी ठरली, आणि मग मी सेंटरबोर्डचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवला.

मिस्त्रींनी चष्मा वर केला, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“मॅडम, पन्नास वरसं लोकांची भोकं बुजवतो मी. भोक पाडा बोलनारी तुमी पयली.”

मी समजावलं, वाऱ्याच्या उलट्या दिशेने यायचं तर फळी हवी.

“उलटं यायचं कशाला? सकाळचा वारा जमिनीवरून दर्याकडं जातो, तो होडीला बाहेर नेतो. दुपारचा दर्यावरून येतो, तो घरी आनतो. देवाने फुकट सोय केली हाय. तुमाला मधीच का फिरायचं?”

“रविवारी अकराला आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो. कुठल्या टाकीत किती सोडायचं त्याची यादी माझ्याकडे असते.”

मिस्त्रींनी नकाशाची घडी घातली. “म्हंजे टँकरसाठी होडीला भोक.”

“हो.”

“पानी आनायला पानी आत घ्यायचं,” ते म्हणाले आणि उठून निघून गेले.

तीन आठवडे त्यांनी विषय टाळला. मी गेले की ते दुसऱ्याच होडीखाली शिरत. प्रश्न गोमीवहिनींनी सोडवला. त्या मासळी साफ करत होत्या, आणि मी चौथ्यांदा सांगत होते की भोकाभोवती लाकडाची उभी पेटी बसवायची, पेटीची उंची बाहेरच्या पाण्याच्या वर ठेवायची, मग पाणी पेटीत चढेल पण होडीत येणार नाही.

“अवो,” वहिनी म्हणाल्या, “आपल्या पडवीत विहीर हाय ना? तिचं पानी कंदी घरात आलं काय? कठडा हाय म्हनून नाय आलं. ही बाई होडीत विहीर खना बोलते, आनखी काय.”

मिस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढली. “मग असं मराठीत बोला ना,” ते मला म्हणाले.

भोक पाडण्याचा दिवस त्यांनी गुप्त ठेवला होता, त्यामुळे सगळा कोळीवाडा जमला. मिस्त्रींनी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडला आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटले. नंतर वहिनींनी सांगितलं की ते तिची माफी मागत होते आणि नाव माझं सांगत होते. गिरमिटाने दोन टोकांना दोन छिद्रं पाडून त्यांनी करवत घातली. तुकडा खाली पडला आणि होडीच्या तळातून खालची वाळू दिसली. खांद्यावरचं पंच्याचं फडकं काढून मिस्त्रींनी त्या भोकावर अंथरलं, जखमेवर टाकावं तसं.

गर्दीत बाळाराम होता. तो वहिनींचा धाकटा भाऊ. शेजारीच त्याची फायबरच्या होड्यांची शेड. मिस्त्री त्याच्या होड्यांना बादल्या म्हणत.

“दाजी,” बाळाराम म्हणाला, “म्हातारपनी हे काय? बुडवायचीच व्हती तर मला द्यायची, मी दगड टाकून बुडवली असती.”

“गळनार नाय.”

“एवढं भोक नि गळनार नाय?”

“थेंब आला आत, तर हा रंदा खाडीत टाकीन नि तुझ्या शेडीत बादल्या घासायला येईन.”

रंधा त्यांच्या वडिलांचा होता. आत्तापर्यंत हसणारी माणसं रंध्याकडे बघायला लागली.

“मग बसून दाखव,” बाळाराम म्हणाला. “बाईंना एकटीला नको पाठवू.”

मिस्त्रींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “बघता काय? बसा. विमा हाय तुमचा.”

त्या दिवसापासून मिस्त्रींनी दुसरं काम घेतलं नाही. पेटी सांधली, कापूस ठोकला, राळ भरली. होडी दोन दिवस खाडीत ठेवून पाणी पाजलं. फळी मात्र त्यांनी घरात, चुलीशेजारी महिनाभर वाळत ठेवली होती, जिवलग पाहुण्यासारखी. फळीची माझी अकरा कलमांची यादी तेव्हाच तयार होती. त्यात नववं कलम होतं: फळी आणि पेटी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी फट ठेवणे. मी गुरुवारी संध्याकाळी गेले, फळी पेटीत घालून पाहिली, फट बरोबर होती, मी टिक केलं. टिक केलेल्या कलमाकडे मी पुन्हा बघत नाही. बघायचं असेल तर टिक कशाला करायचं, हा माझा तीस वर्षांचा बाणा आहे.

रविवारी सकाळी सातला भरती पूर्ण होती. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले. फळी बसवताना त्यांनी वरून हातोडीच्या दोन टपल्या मारल्या. माझ्या हे लक्षात आलं, आणि मी काही विचारलं नाही. कलम टिक केलेलं होतं.

आम्ही निघालो. वारा मागून होता. काठावर बाळाराम, वहिनी आणि निम्मा वाडा. खाडीवर ऊन पसरत होतं, बगळे उडत होते, मुंबईच्या विमानतळाकडे जाणारं एक विमान वरून गेलं. मिस्त्रींनी यातलं काही पाहिलं नाही. होडीच्या तळाशी उकिडवे बसून ते पेटीच्या मुळाशी चारी बाजूंनी बोट फिरवत होते आणि बोट उन्हात धरून बघत होते. कोरडं. पुन्हा फिरवायचे. कोरडं.

वळणापाशी मी होडी उलटी फिरवली. आता वारा तोंडावर. शीड ताणलं, होडी कलली, मिस्त्रींनी दोन्ही हातांनी पेटीला मिठी मारली. आणि होडी चढायला लागली. या काठाकडून त्या काठाकडे, तिरकी, पुन्हा तिरकी, पण प्रत्येक खेपेला थोडी घराकडे.

“वाऱ्यावर चढते?” मिस्त्रींनी मान न उचलता विचारलं.

“चढते.”

“नि कोरडी हाय,” ते म्हणाले. मग पहिल्यांदा त्यांनी डोकं वर काढलं, काठाकडे पाहिलं, आणि बाळारामला ऐकू जाईल असं ओरडले, “बाळ्या! घमेलं घेऊन ये, आमाला पानी पायजे प्यायला!”

सव्वानऊ वाजले होते. ओहोटी लागली होती. धक्का शंभर पावलांवर होता. मी म्हटलं, “मिस्त्री, फळी वर घ्या.”

त्यांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग पाय पेटीला लावून ओढली. फळी जागची हलेना.

“काय झालं?”

मिस्त्रींनी पेटीत डोकावून पाहिलं. तेवढ्यात खालून एक मऊ धक्का बसला, आणि होडी थांबली. तीन फूट खाली फळीचं टोक चिखलात रुतलं होतं. धक्क्यावरून टाळ्या पडल्या, मग हसू, मग नुसतं हसूच.

पाणी आमच्या देखत निघून गेलं. पाऊण तासात भोवती चकचकीत काळा चिखल होता आणि मध्ये आमची होडी, कुशीवर रेललेली म्हैस दिसावी तशी. पुढची भरती चढून होडी उचलली जायला पावणेपाच वाजणार होते. म्हणजे साडेसात तास. मांडीपर्यंतच्या त्या चिखलात चालायची माझी ताकद नव्हती, आणि मिस्त्रींचे गुडघे त्यांच्या वयापेक्षाही म्हातारे होते. अकराला मी होडीतूनच फोनवर टँकर रिकामा केला. “दोन नंबरची टाकी आधी! दोन नंबर! मी कुठे आहे ते विचारू नका!”

साडेअकराला गोमीवहिनी चिखलातून आल्या. लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर डबा. आयुष्यभर त्या चिखलात खेकडे पकडलेले, त्यामुळे बाजारात जावं तशा आल्या.

“बसलेत कशी दोघं, नवरानवरीवानी,” त्या म्हणाल्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. “जेवा म्हाताऱ्या. आज आचारी पंगतीत बसलाय.”

त्या परत गेल्यावर मिस्त्रींनी भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

“मॅडम, गुरुवारी तुमी फट बघितली ना?”

“बघितली. बरोबर होती.”

“मी पन बघितली. तुमी गेल्या, मी जेवायला बसलो. ताटात फटच दिसाय लागली. भाताच्या जागी फट. बोल्लो, एवढी मोकळी जागा, चारचौघं वाकून बघनार, बोलनार हसूरामचा सांदा बसला नाय. उठलो नि आतून दोन पातळ पट्ट्या मारल्या. मग जेवलो.”

मी वाकून पेटीत पाहिलं.

“नि फळी चुलीजवळची. कोरडी ठाक. पानी प्याली.” त्यांनी काळ्या नखाने पेटीवर टकटक केलं. “सगळ्या खाडीला शिकवलं मी, लाकूड फुगतं म्हनून. हात ऐकत नाय वो. पन्नास वरसं फट दिसली की बुजव, फट दिसली की बुजव. ही एकच ठेवायची व्हती.”

मग त्यांनी भाकरी खाल्ली. मी माझी यादी काढली आणि त्या कलमावरची टिक खोडली. त्यांनी ते पाहिलं. कागद मागून घेतला, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या छापील वाक्यावर काट मारून शेजारी लिहिलं: ‘नख घालून बघणे.’

“आनि हे दोनदा करायचं,” ते म्हणाले. “एकदा तुमी, एकदा मी घरी गेल्यावर.”

भरती आली, होडी उचलली गेली, आणि पाणी पुरेसं चढल्यावर आम्ही वल्ही मारत धक्क्याला लागलो. फळी अजूनही खाली. काठावर बाळाराम शेडीतली ओझं उचलायची चेनकुप्पी घेऊन उभा होता. साखळी धक्क्याच्या खांबाला, आकडा फळीच्या दोरीला. चार हिसक्यांत फळी कण्हत वर आली. बाळारामने होडीत उतरून पेटीभोवती हात फिरवला, तळहात सगळ्यांना दाखवला.

“थेंब नाय,” तो म्हणाला. “बोलनं गळायचं झालं व्हतं. अडकायचं नाय झालं. रंदा ठेव, दाजी.”

मला वाटलं, संपलं. पण मिस्त्री सुटल्यासारखे दिसत नव्हते. ते धक्क्याच्या टोकाला गेले. वहिनी ओरडल्या, “अवो, बापाची वस्तू हाय ती!” मिस्त्रींनी रंध्याला हात लावला नाही. कमरेची बोथट पटाशी काढली, कापूस ठोकायची, आणि खाडीत भिरकावून दिली.

“रंद्याची काय चूक नाय,” ते म्हणाले. “चूक हिची हाय.”

दुसऱ्या ओहोटीला वहिनींनी चिखल तुडवून ती शोधून आणली. नारळ सोलायला बरी पडते म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी पट्ट्या काढल्या आणि त्याच रंध्याने फळी दोन्ही बाजूंनी तासली. शेवटचा हात मारताना त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. फट नखाएवढी झाली. तेव्हापासून लाटेवर फळी पेटीत खडखड वाजते. तो आवाज त्यांना काठावरून ऐकू येई आणि दात दुखावा तसा त्यांचा चेहरा होई. “वाजू दे,” वहिनी म्हणत, “तुमी पन वाजता, आमी काय बुजवतो काय तुमाला?”

होडीत मात्र ते पुन्हा बसले नाहीत. एकदा बसलो, साडेसात तास बसलो, सगळ्या होड्यांचं मिळून झालं, असा त्यांचा हिशेब.

पुढे गुडघे पार गेले आणि मुलाने दोघांना कळंबोलीला आपल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर नेलं. रंधा बरोबर गेला. जुलैत एकदा कारखान्यातून येताना मी डोकावले. वहिनी टीव्हीसमोर लसूण सोलत होत्या. न्हाणीघराच्या दाराशी लाकडाच्या कुरळ्या ढलप्यांचा ढीग पडला होता.

“पावसात दार फुगलं,” वहिनी म्हणाल्या. “पोरगा बोल्ला, मानूस बोलवतो. हा बोल्ला, मी कोन हाय? सकाळधरनं तासतोय. आता एवढी फट ठेवलीय की आत कोन हाय ते इकडून कळतं. आंगोळीला मी शेजारी जाते.”

“कोन, मॅडम हाय काय?” न्हाणीघरातून आवाज आला.

“हो, मिस्त्री. झालं का काम?”

“तुमी बघा. थांबा, लावून घेतो.”

दार अजिबात न अडता, न कुरकुरता बंद झालं. दार आणि चौकटीच्या मध्ये वरपासून खालपर्यंत आतल्या बल्बच्या उजेडाची पिवळी रेघ उभी राहिली. मी जवळ गेले. त्या रेघेतून आतल्या बाजूने एक काळं, जाड नख बाहेर आलं, आणि कुठेही न अडकता सावकाश खालपासून वरपर्यंत फिरत गेलं.

“टिक करा,” दारामागून मिस्त्री म्हणाले.